आयआरसीवर आयपी झाकायचा आहे: क्लोक, व्हीपीएन, बाउन्सर की टॉर?

आयआरसी, म्हणजे इंटरनेटवर मजकुराने गप्पा मारायची जुनी पद्धत, १९८८ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाली. कोण कुठल्या यंत्रावरून बोलतंय, हे सगळ्यांना दिसणं तेव्हापासून तिच्या रचनेतच आहे. ईएफनेट या जुन्या आयआरसी नेटवर्कवर आजही चॅनलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, शिरलात की टोपणनावाशेजारी तुमचा आयपी (तुमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक) किंवा होस्टनेम (त्या जोडणीचं नाव) उघडं पडतं. त्यावरून घराचा पत्ता कळत नाही, पण इंटरनेट कंपनी आणि बहुधा शहर कळतं. शिवाय, चिडलेला एखादा माणूस त्या आयपीवर मारा करून तुमची लाइन पाडू शकतो.

मग निवडायचं काय? हे तुम्हाला कोणापासून लपायचंय यावर ठरतं.

फक्त चॅनलमधल्या लोकांपासून लपायचं असेल तर क्लोक, म्हणजे आयपीच्या जागी नेटवर्क दाखवतं ते खोटं नाव, पुरतो आणि तो फुकट मिळतो. क्वेकनेट, अंडरनेट या नेटवर्कांवर खात्यात लॉगिन करून एक्स मोड (क्लोक चालू करणारी खूण) लावावा लागतो. लिबेरा चॅट या नेटवर्कवर टोपणनाव नोंदवून क्लोक मागून घ्यावा लागतो. बरेच जण फसतात ते इथेच. क्लोक लागतो लॉगिन झाल्यावर, आणि अॅप मात्र जोडणी होताच ठरलेल्या चॅनलमध्ये घुसतं. त्या दोन-तीन सेकंदांत खरा आयपी सगळ्यांच्या लॉगमध्ये जाऊन बसतो. म्हणून लिबेरासारखं नेटवर्क देत असेल तिथे अॅपमध्ये एसएएसएल, म्हणजे जोडणी होतानाच लॉगिन करायची सोय, चालू करा, म्हणजे लॉगिन आधी होतं. लॉगिन आधी होत नसेल तर क्लोकवर विसंबू नका, असं मी कळकळीने सांगेन. डीसीसीने, म्हणजे दोन माणसांच्या यंत्रांमधल्या थेट जोडणीने, फाइल घेतलीत किंवा अनोळखी माणसाने दिलेली लिंक उघडलीत, तर क्लोक असूनही आयपी समोरच्याच्या हाती पडू शकतो. आणि नेटवर्क चालवणाऱ्यांना तर तो दिसतोच.

त्यांच्यापासूनही लपायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे तुमची सगळी जोडणी स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. लिंक आणि डीसीसीची गळतीही त्याने झाकली जाते, हा त्याचा मोठा फायदा. पण विश्वास आता त्या कंपनीवर टाकावा लागतो. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायचा आदेश काढला, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. शिवाय काही नेटवर्कं व्हीपीएनचे आयपी सरळ बंद करतात.

बाउन्सर, म्हणजे झेडएनसीसारखा प्रोग्राम, भाड्याच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्या वतीने आयआरसीला जोडलेला राहतो आणि लोकांना त्या सर्व्हरचा आयपी दिसतो. तुम्ही झोपलात तरी संभाषण साठत राहतं, माझ्या मते त्याची खरी किंमत तीच. लपण्यासाठी मात्र तो कच्चा आहे. सर्व्हर तुमच्या नावावर असतो, आणि तो भारतात घेतला तर वरचा आदेश त्यालाही लागू आहे. लिंक तर तुमच्या घरच्या जोडणीवरूनच उघडते.

पत्रकार, कार्यकर्ते किंवा ओळख उघड झाल्यास ज्यांना खरोखर धोका आहे, त्यांनी टॉरच, म्हणजे जोडणी अनेक यंत्रांतून फिरवून मूळ आयपी झाकणारं जाळंच, वापरावं. लिबेरावर त्यासाठी वेगळा ओनियन पत्ता (फक्त टॉरमधून उघडणारा) आहे, पण खातं आधी टॉरबाहेरून काढून पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्राने लॉगिन करावं लागतं. म्हणजे खातं काढतानाचा आयपी नेटवर्कला कळतो. तेव्हा तो घरचा नसेल, हे पाहा.

रोज मुक्त सॉफ्टवेअरच्या चॅनलमध्ये प्रश्न विचारणाऱ्याला मी क्लोक आणि एसएएसएल एवढंच सुचवेन. क्लोक लावल्यावर स्वतःचा व्हूइज (टोपणनावामागची माहिती दाखवणारी आज्ञा) काढलात तर काही सर्व्हर खरा आयपी दाखवतात, पण तो फक्त तुम्हाला आणि नेटवर्कच्या चालकांना दिसतो. खात्री करायची तर चॅनलमधल्या ओळखीच्या माणसाला तुमचा व्हूइज काढायला सांगा.