3000 मिलिमीटरचा तंबू आणि भंडारदऱ्याचा वळीव

1,899 रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या पद्धतीनं ते माझ्याकडून काढून घेतले, ती पद्धत अजून चालू आहे. मे महिना सरत आला की काजवे बघायला निघणाऱ्यांत पहिल्यांदाच तंबू घेणारे बरेच असतात, म्हणून लिहितोय.

ऑनलाइन घेतला होता. 6,999 वर काट मारून खाली 1,899. चार माणसांचा, वॉटरप्रूफ 3000 मिमी, दुहेरी थराचा. फोटोत बर्फाचे डोंगर आणि जमिनीपर्यंत उतरलेलं बाहेरचं आवरण. चार हजारांवर अभिप्राय, सव्वाचार तारे. ते अभिप्राय नीट वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत, ही माझी चूक. नंतर वाचले तेव्हा निम्मे ‘बाळाला खूप आवडला’, ‘आत बॉल टाकून खेळतो’ असे निघाले. म्हणजे लहान मुलांच्या खेळण्यातल्या तंबूचे अभिप्राय त्याच पानावर ठेवून खालचा माल बदलला होता.

पार्सल आलं त्या संध्याकाळी हॉलमध्ये तंबू उभा केला. पंख्याच्या वाऱ्यात काय दिमाखात उभा राहिला! मुलगी दोन रात्री त्यातच झोपली. बाहेरचं आवरण म्हणजे डोक्यावर ठेवलेली टोपी होती, जेमतेम वरची जाळी झाकणारी. ते खटकलं खरं, पण म्हटलं, नाशिकहून भंडारदऱ्याला एक रात्र जायचंय, हिमालयात थोडंच? परत करायची मुदत 7 दिवस. आमची सहल सोळाव्या दिवशी. हा हिशोब विकणाऱ्याला पक्का ठाऊक असतो.

मुतखेलच्या पुढं, रतनवाडीच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या खाचरात जागा मिळाली. त्यांचे भाड्याचे पाच-सहा तंबू आधीच उभे होते आणि प्रत्येकावर निळा प्लास्टिकचा कागद दोरीनं आवळून बांधलेला. मामांनी आमचा तंबू बोटांनी चाचपला आणि म्हणाले, “पाव्हणं, वरून कागद टाकू का? वळवाचे दिवस हायेत.”

मी काय म्हणालो असेन? “वॉटरप्रूफ आहे मामा.”

मामा काही बोलले नाहीत. खुंट्या ठोकताना पहिली वाकली. सायकलच्या आऱ्याएवढी जाड तार, आणि मेमधली खाचराची जमीन म्हणजे भाजलेली वीट. दहापैकी चार अशाच वाकल्या. ताणदोऱ्या पिशवीत दोनच होत्या, फोटोत सहा.

काजवे मात्र पोटभर दिसले. सादड्याचं एक झाड तर नुसतं पेटत-विझत होतं. साडेनऊला परत आलो, आणि दहाच्या सुमारास वारा सुटला.

वळीव ज्यानं उघड्यावर अनुभवलाय त्याला सांगायला नको. आधी धूळ, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब, आणि पाचव्या मिनिटाला कुणी बादल्या ओततंय असं. वाऱ्याची बाजू आत दबली आणि कापड मुलीच्या तोंडाला चिकटलं. मी आतून हातानं धरून ठेवलं. जिथं हात लागला तिथून पाणी झिरपायला लागलं. शिवणीवर मोबाइलचा उजेड टाकला तर सुईच्या प्रत्येक भोकात एक थेंब, ओळीनं, एक पडला की मागून दुसरा. चांगल्या तंबूत शिवणीवर आतून चिकटपट्टी मारलेली असते, इथं नुसती दोऱ्याची शिलाई होती. तळाचं कापड तर आणखी गंमतशीर. गुडघा टेकला की गुडघ्याभोवती ओल उमटायची.

मग ‘कट्ट’ असा आवाज आला आणि एक बाजू खाली बसली. फायबरग्लासची दांडी सांध्याजवळ उभी चिरली होती. अंधारात तीच पकडली, आणि तळहातात कुसळं घुसली. काचेची, दिसत नाहीत अशी. दोन दिवस भाताचा घास घेताना आठवण यायची.

विजा चमकत होत्या. अशा वेळी उघड्यावरच्या तंबूत, चांगल्या असो की वाईट, बसायचंच नसतं हेही मला त्या रात्रीच उमगलं. मामींनी पडवीतून हाक मारली, “पोरीला आधी आण इकडं.” आम्ही चौघं, मेहुणा धरून, त्यांच्या पडवीत शेळ्यांशेजारी बसून राहिलो. कागद टाकलेले भाड्याचे तंबू सकाळी जागच्या जागी होते.

घरी आल्यावर रागानं मोजमाप काढलं. आधी टेप. जाहिरातीत 200 बाय 200 सेंटीमीटर, प्रत्यक्षात 195 बाय 145. झोपलेल्या माणसाला किमान 60 सेंटीमीटर रुंदी धरली तर चार कुठून मावणार? दोन माणसं आणि त्यांच्या सॅका, संपला तंबू.

मग त्या 3000 मिमीचा अर्थ शोधला. कापड किती उंचीच्या पाण्याचा भार पेलतं, त्याचं हे माप. म्हणजे कापडावर 3 मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी पलीकडे गळता कामा नये. म्हटलं, बघूच. गच्चीवर पाइपचा एक मीटरचा तुकडा पडला होता. त्याच्या तोंडाला तंबूचा कोपरा ताणून सुतळीनं घट्ट बांधला, पाइप भिंतीला उभा टेकवला आणि वरून तांब्यानं पाणी ओतत गेलो. वीतभर पाण्याला कापडाच्या खालच्या बाजूला घाम फुटला. 30 सेंटीमीटरला थेंब पडायला लागले. 3000 सोडा, 300. प्रयोगशाळेची चाचणी नव्हे ही, पण दहापट चूक माझ्या सुतळीची नसावी. पावसात भरवसा ठेवायचा तर बाहेरच्या आवरणाला निदान 1500 तरी लागतात, आणि अंगाचा दाब पडतो म्हणून तळाला त्याहून जास्त. जाहिरातीतल्या 190T या आकड्याचा पाण्याशी संबंध नाही, तो कापडाच्या विणीचा दाटपणा. मी तोही वॉटरप्रूफचाच दाखला समजलो होतो.

स्वस्त तंबू वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. असाच एकेरी तंबू डिसेंबरात कोरड्या हवेत एक रात्र काढून देईल. सकाळी श्वासाच्या वाफेनं आतून ओला होईल, एवढंच. पण मग ‘कोरड्या हवेसाठी’ असं लिहा ना.

विकणाऱ्यानं आधी ‘मुदत संपली’ म्हटलं, मग ‘वापरलेला माल’, आणि पाइपचा व्हिडिओ पाठवल्यावर ‘वॉटरप्रूफ आहे, पण जास्त पावसासाठी नाही’. या शेवटच्या वाक्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला, पुढं तोच उपयोगी पडला. जाहिरातीचं पान, बिल, व्हिडिओ आणि हे वाक्य जोडून ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आणि तीच त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्यातच आहे. एवढ्यावर भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट मात्र पैसे भरायच्या आधीच काढा. माझा काढलेला होता तो निव्वळ बायकोला दाखवायला म्हणून.

तेविसाव्या दिवशी 1,899 रुपये खात्यात आले. तंबू न्यायला कुणी आलं नाही. मी तक्रारीत आणखी एक मागणी लिहिली होती, त्या पानावरचा 3000 चा आकडा काढा. त्याचं उत्तर आलं नाही. काल पाहिलं, आकडा तसाच आहे, आणि किंमत 1,749 झाली आहे.