संप की कॅनिस्टर? आधी वीज किती जाते ते सांगा

संप म्हटलं की आपल्याला एसटीचा आठवतो. माशांचं वेड लागलेल्यांचा संप म्हणजे टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपाने खाली उतरतं, स्पंज आणि मीडियातून (जिवाणूंना राहायला ठेवलेल्या रिंगा वगैरे) गाळून जातं आणि पंप ते परत वर चढवतो. ४ × १.५ × १.५ फुटांची, म्हणजे साधारण २५५ लिटरची टाकी घ्यायला गेलं की दुकानदार कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, पुढे करतो. दापोलीत मी दोन्ही वापरून बसलोय.

कॅनिस्टर देखणा. बंद डबा, आवाज जवळजवळ नाही, पाण्याची वाफ नाही. वीज जात नसेल तर डोळे झाकून तोच घ्या. पण त्यातले, माशांची घाण पचवणारे जिवाणू जगतात वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर. पंप थांबला की कोंडलेलं पाणी काही तासांत नासायला लागतं आणि वीज आली की ती घाण थेट माशांच्या तोंडावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वादळ सोडा, आषाढात माडाची झावळी तारेवर पडली तरी रात्र गेलीच. कॅनिस्टर आधीच घेतला असेल तर लांबलेल्या अंधारानंतर डबा उघडून मीडिया टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, मगच बटण दाबा.

संप वरून उघडा असतो. मीडिया पाण्याच्या वर, ट्रेमध्ये ठेवून त्यावर पाणी शिंपडत सोडलं तर पंप बंद पडल्यावरही तो ओलसर राहतो आणि हवेतूनच श्वास घेतो. महागड्या सिरॅमिक रिंगा हव्यातच असं नाही, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्याही चालतात. साबणवाल्या किंवा तारेच्या मात्र नकोत. जांभ्याचे तुकडे भरू नका. मी भरले होते, झिजून लाल गाळ झाला.

संपाचा धोका वेगळा, फरशीवरचा. पाणी खाली आणायचे दोन मार्ग: काचेला भोक, नाहीतर काठावर लटकवायचा सायफनचा डबा, जो भरलेल्या नळीने पाणी काठावरून ओढून खाली सोडतो. भोक नको म्हणून मी डबा लावला. एका रात्री वीज गेली, सायफन तुटला. वीज आली, पंप इमानदारीत वर पाणी चढवत राहिला आणि खाली यायला वाटच नाही. पहाटे पाय खाली टाकला तो पाण्यातच. तेव्हापासून मी भोकाच्या बाजूचा. फक्त टाकी बांधायच्या आधी पाडून घ्या, आणि टफन (तापवून कडक केलेली) काच असेल तर विचारच सोडा, तिचा चुरा होतो.

भोक असलं तरी पंप थांबल्यावर थोडं पाणी खाली येतंच. परतीच्या, म्हणजे पंपाकडून वर येणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात दोन इंच बुडालेलं असेल तर त्यातूनच उलटं ओढलं जाऊन या टाकीतून २८ लिटर उतरतं. अडीच फूट लांब, एक फूट रुंद संपात त्याला पाच इंच उंची लागते. म्हणून फूटभर उंच संप चालू असताना सहा इंचांपर्यंतच भरा. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम अर्ध्या इंचावर बारीक छिद्र पाडा. पातळी तिथवर आली की ते हवा ओढतं आणि उतार थांबतो. शेवाळाने ते बुजतं, महिन्यातून एकदा टाचणी फिरवा.

पंपाच्या खोक्यावरचे लिटर शून्य उंचीचे असतात. चार फूट चढवताना ते बरेच घटतात, तेव्हा एक माप मोठाच घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो गुरगुरतो आणि तापतो.

टाकी दोन फुटांचीच असेल तर दोन्ही सोडा, टाकीच्या वर बसणारा ओव्हरहेड फिल्टर पुरे.

लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत आणि संपाच्या वाफेत सडतो. मी चिऱ्यांचा ओटा बांधला, मध्ये संपापुरती पोकळी ठेवून. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेला घ्या, बाथरूमचा नको. तो सुकला की मासे आणण्याआधी सगळं पडवीत जोडा, पाणी भरा आणि मुद्दाम दहा वेळा बटण बंद-चालू करा.