नाताळात तीन पिढ्यांसह खोपोलीची इमॅजिका

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलांना फिरायला न्यायचे म्हटले की पहिले नाव कमाटीबागेचे निघते आणि दुसरे अजव्याचे. सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेली बाग आणि अजव्याचे आतापी वंडरलँड हे मनोरंजन उद्यान हाताशी असताना सगळ्या कुटुंबाला खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानापर्यंत का न्यावे, हा प्रश्न आमच्याकडेही विचारला गेला. नाताळच्या सुट्टीत तिथे पूर्ण दिवस काढून आल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या घरातून सत्तरी ओलांडलेल्या आजी, वेगाला घाबरणारी धाकटी मुले आणि वेगासाठीच आलेला कॉलेजातला मुलगा असे सगळे एकत्र निघतात, त्या घराने एकदा तरी तिथे जावे. याचे मुख्य कारण रोलर कोस्टर नव्हे, तर बंदिस्त इमारतींमधल्या, गोष्ट सांगत पुढे नेणाऱ्या राईड आहेत.

२०१३ साली सुरू झालेले हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याची ख्याती झाली ती ‘नायट्रो’मुळे. सुमारे ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटरपर्यंत जाणारा वेग आणि पाच ठिकाणी माणसाला उलटे करणारे वळण असलेल्या या कोस्टरच्या डब्याला पायाखाली तळच नाही, त्यामुळे पाय अधांतरी लोंबकळत राहतात. आमच्या भाच्याने तेवढ्यासाठीच महिनाभर धोशा लावला होता आणि त्याचे पूर्ण समाधान झाले. मी स्वतः त्यात बसले नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मला लिहायचे आहे ते ‘आय फॉर इंडिया’विषयी. घुमटासारख्या वळलेल्या प्रचंड पडद्यासमोर आसनांची ओळ वर उचलली जाते आणि आपण देशभरातल्या दऱ्याखोऱ्यांवरून, नद्यांवरून आणि वास्तूंवरून पक्ष्यासारखे तरंगत जातो, असा भास होतो. सासूबाई प्रथम आत यायलाच तयार नव्हत्या. तिथल्या मुलीने त्यांना “आजी, चपला इथेच काढून ठेवा, नाहीतर वरून पडतील,” असे सांगितले, पट्टा लावताना पदर मध्ये अडकणार नाही याची काळजी घेतली आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला. आसन उचलले गेले तेव्हा त्यांनी माझे मनगट घट्ट धरले होते. थोड्या वेळाने तोच हात सोडून त्या पडद्याकडे बोट दाखवू लागल्या. गुडघेदुखीमुळे ज्यांना काशी-हिमालय आता होणे नाही, अशा माणसाला आपला देश वरून दिसावा, याचे मोल तिकिटाच्या हिशेबात मांडता येत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी “पुन्हा बसता येईल का?” असे विचारले, आणि आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो.

बडोद्याच्या मुलांसाठी मात्र खरी मेजवानी ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ ही होडीतली राईड आहे, आणि याचे कारण आपल्याच भागात दडलेले आहे. राजासॉरस हा डायनोसॉर कल्पनेतला प्राणी नाही. त्याची हाडे बालासिनोरजवळच्या रैयोली गावात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नर्मदेवरून नाव दिले. रैयोलीत २०१९ पासून डायनोसॉर संग्रहालय आहे आणि आमच्या मुलांनी ते पाहिलेले होते, त्यामुळे होडी अंधारात शिरल्याबरोबर धाकटीने कपाळावरचे शिंग शोधायला सुरुवात केली आणि “हा आपल्या गुजरातचा आहे!” असे शेजारच्या बाकावरच्या अनोळखी मुलांनाही मोठ्याने सांगून टाकले. तिची भीती त्या ओळखीनेच गेली. शेवटी होडी उंचावरून खाली झेपावते आणि पुढच्या बाकावरची मंडळी चिंब होतात, म्हणून डिसेंबरात ही राईड दुपारच्या उन्हात उरकावी व कपड्यांचा एक जोड जवळ ठेवावा. बडोद्याहून जाणाऱ्या पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मुलांना आधी रैयोली दाखवा आणि मग खोपोलीला न्या.

‘अलीबाबा’च्या राईडमध्ये हातातल्या बंदुकीने नेम धरायचा असतो आणि गुण मोजले जातात, तिथे घरातल्या सर्वांत शांत माणसाला सर्वाधिक गुण मिळाले, एवढेच सांगते.

आता हंगामाविषयी. गुजरात बोर्डाच्या शाळांची हिवाळ्यातली मोठी सुट्टी दिवाळीची, पण मुंबई-पुण्याकडच्या अनेक शाळा नाताळ ते नववर्ष या आठवड्यात बंद असतात आणि दोन्ही शहरांच्या मधोमध असलेल्या या जागी तेव्हा लोटणारी गर्दी अफाट असते. लोकप्रिय राईडच्या रांगेत तासाभराहून अधिक उभे राहण्याची तयारी ठेवावी लागते, आणि ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी तर दिवसाचा क्रम आधीच ठरवावा. आम्ही दोन तुकड्या केल्या: वेगवान राईडवाले एकीकडे, आजी आणि धाकटी मुले दुसरीकडे, आणि जेवायला सगळे एकत्र. शक्य असेल त्यांनी २५ तारखेच्या आधीचा मधल्या वाराचा दिवस निवडावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्या आठवड्यात घाटाच्या अलीकडे वाहने तुंबतात, त्यात आम्ही पनवेलहून ठरवलेली भाड्याची गाडी ठरल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा आली आणि सकाळचा मोकळा वेळ, जो या हंगामात सर्वांत मोलाचा असतो, हातचा गेला. गाडीवाल्याला आदल्या रात्री फोन करून वेळ पक्की करून घेणे फार आवश्यक आहे.

खर्चाच्या बाबतीत मोकळेपणाने सांगायचे तर, एवढ्या मोठ्या कुटुंबासाठी तो लहान नाही. तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, म्हणून ते आधी पाहून घ्यावेत. रांग चुकवणारे जादा पैशांचे तिकीट सर्वांसाठी घेण्याची गरज मला वाटली नाही. वेगासाठी आलेल्या तरुणांपुरते ते घेतले तर पैसे वसूल होतात. घरचे डबे आत नेता येत नाहीत, तेव्हा थेपले आणि चिवडा गाडीतच संपवावा आणि दुपारचे जेवण गर्दीच्या वेळेआधी उरकून घ्यावे.

या दिवसांत हवा फार सुखाची असते. दुपारी चालताना त्रास होत नाही आणि सूर्य सह्याद्रीआड गेला की गारवा एकदम जाणवतो, त्यामुळे लहानांसाठी स्वेटर आणि आजींसाठी शाल हवीच. संध्याकाळची मिरवणूक आणि रोषणाई पाहायची असेल तर पाय दुखत असले तरी थांबावे. दिव्यांनी सजलेल्या चौकात एकमेकांना न ओळखणारी माणसे आपली जागा सोडून दुसऱ्यांच्या मुलांना पुढे उभी करत होती, हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

परतीचा बेत आखताना एक गोष्ट विसरू नये. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर याच रस्त्याने पुढे. बडोद्याहून इतके लांब आलेल्या कुटुंबाने खोपोलीत किंवा पनवेलला नातेवाइकांकडे मुक्काम करून ही दोन्ही दर्शने दुसऱ्या सकाळी करावीत, उद्यानाच्याच दिवशी ती उरकण्याचा प्रयत्न करू नये, कारण मग ना देवळात निवांत टेकता येते ना सकाळच्या रिकाम्या रांगा मिळतात.