परदेशी क्लबचा पगार: तिथल्या चलनात घ्यावा की डॉलरमध्ये?

गुहागरचा माझा भाचा व्हॉलीबॉल खेळतो. परवा मोबाइलवर दोन करार घेऊन पडवीत येऊन बसला. "मामा, यातला कुठला?" पहिला क्लब तिथल्या चलनात पगार देणार, दुसरा महिना 1500 डॉलर. रुपयांत मोजला तर पहिला जास्त, म्हणून स्वारीने मनातून तोच पक्का केला होता.

त्याला श्रीलंकेचा हिशेब मांडून दाखवला. मार्च 2022च्या सुरुवातीला डॉलरला साधारण 200 श्रीलंकन रुपये पडत, मे महिन्यात 360च्या आसपास. महिना चार लाखांचा करार असलेल्याचे 2000 डॉलर अडीच महिन्यांत 1100 झाले. आपल्या पैशांत दीड लाखाचे 86 हजार. पगार अगदी एक तारखेला झाला तरी. रशियातही तेच: केएचएल या आइस हॉकी लीगमध्ये पगार रुबलमध्ये, आणि 2014च्या सुरुवातीला डॉलरला 33 असलेला रुबल 16 डिसेंबरला 80पर्यंत जाऊन आला. तिथेच राहणाऱ्याला महागाईचा चटका बसतो, पण घरी पैसे पाठवणाऱ्याचा पगार वाटेतच गळतो. आणि भाच्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता गुहागरच्या बँकेत.

(आमच्याकडे परदेशचा पैसा म्हणजे पक्का पैसा, हा समज आखातामुळे. अमिरातीचा दिरहम 1997पासून डॉलरला 3.6725वर बांधलेला. 1990 साली इराकने कुवेत बळकावल्यावर तिथून परतलेले शेजारचे काका मात्र दिनारचं नाव काढलं की गप्प होतात.)

मग डॉलर डोळे मिटून घ्यावा? तसंही नाही. तुर्कीचे फुटबॉल क्लब परदेशी खेळाडूंशी बहुधा युरोत करार करतात, पण तिकिटं विकतात लिरात. 2021च्या सुरुवातीला डॉलरला साडेसातच्या आत असलेला लिरा डिसेंबरात 18ला टेकला. असं झालं की क्लबला तोच पगार दुपटीने महाग पडतो. आधी हप्ता लांबतो, मग "जरा समजून घ्या" सुरू होतं. दोन महिन्यांचा पगार थकला तर 15 दिवसांची नोटीस देऊन करार सोडायची मुभा फुटबॉलपटूला फिफाच्या नियमात आहे. व्हॉलीबॉलवाल्याने तसं कलम स्वतः मागून घ्यावं.

घसरण घरच्या चलनाची असेल तर गणित उलटं. 2018मध्ये प्रो कबड्डीतल्या यू मुंबा संघाने इराणचा कबड्डीपटू फजल अत्राचलीला 1 कोटीला घेतलं, त्याच वर्षी रियाल कोसळत होता. इथला रुपया तिकडे फुगला. आपला रुपयाही ऑगस्ट 2013मध्ये डॉलरला 68च्या पुढे गेला आणि जुलै 2022मध्ये त्याने 80 ओलांडले, म्हणजे डॉलर घेणाऱ्याला वारा बहुतेक पाठीमागूनच.

माझं मत: एका मोसमाचा करार असेल तर आकडा कमी असला तरी डॉलर, पण काही रक्कम आगाऊ. स्थानिक चलनच घ्यायचं झालं तर रक्कम डॉलरमध्ये ठरवून पगाराच्या दिवशीच्या दराने द्यावी, आणि कुठल्या दराने तेही लिहून घ्यावं. अर्जेंटिनात डिसेंबर 2023मध्ये डॉलरचा सरकारी दर एका फटक्यात 366 पेसोंवरून 800वर गेला; बाजारात डॉलर त्याआधीच त्याहून महाग होता.

भाच्याने दुसऱ्या क्लबकडे दोन महिन्यांचा पगार आगाऊ मागितला, ते एका महिन्याला तयार झाले. पहिल्या क्लबला दराचं विचारलं, तर उत्तर आलं: "काळजी करू नका, आमचं चलन स्थिर आहे."