मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क की कान्हेरीचा रस्ता?

ऑक्टोबर हीट ओसरली की मुंबईत धावणाऱ्यांची नवी भरती सुरू होते. जानेवारीतल्या मॅरेथॉनला नाव नोंदवलेलं असतं, बूट घेऊन झालेले असतात, आता धावायचं कुठे एवढंच ठरायचं असतं. ज्याला विचारावं तो देखाव्याचं कौतुक सांगतो. देखावा आठवडाभर पुरतो हो. नंतर पहाटे पाचचा गजर वाजला की मनात येतात ते प्रश्न वेगळे: तिथवर पोचायला किती वेळ लागेल, पायाखाली काय आहे, सावली कुठवर मिळेल, आणि दम संपला तर घरी कसं यायचं.

मरीन ड्राइव्हपासून सुरुवात करू, कारण बाहेरचा माणूस आधी तिथेच जातो. नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर. समुद्राच्या कडेने धावत राहिलं तर सिग्नल आडवा येत नाही, आणि मुंबईत ही चैनच म्हणायची. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य इमारतींच्या मागून येतो आणि ऊन कठड्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. संध्याकाळी तेच ऊन थेट डोळ्यांत, शिवाय फोटो काढणारे, भेळवाले, जोडपी. तेव्हा धावणं विसरा, चाला. चालताना समोरच्या आर्ट डेको इमारतींचे गोलाकार सज्जे नीट बघता येतात. या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, पण धावणाऱ्याची नजर घड्याळावर असते, त्याला त्या दिसतच नाहीत.

एक युक्ती सांगतो. चर्चगेटला उतरून चालत नरिमन पॉइंट गाठा आणि तिथून तीन लांबी करा. दहा किलोमीटर पुरे होतात आणि शेवट चौपाटीवर होतो, तिथून चर्नी रोड स्टेशन दोन पावलांवर. मध्येच पोटरी धरली तर मरीन लाइन्स आहेच. पश्चिम रेल्वे अशी सोबतीला धावत असते, हा या रस्त्याचा मोठा गुण. दोष म्हणाल तर जमीन टणक आहे. आठवड्यातून चार दिवस इथे धावलात तर गुडघे बोलायला लागतील. आणि पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी तिकडे फिरकूच नका. लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात.

शिवाजी पार्कला देखावा असा नाहीच. मैदानाला कट्टा, कट्ट्याला लागून चालायची वाट, वर जुन्या झाडांची सावली. एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी, म्हणजे दहा किलोमीटरला साडेआठ-नऊ फेऱ्या. ऐकूनच कंटाळा येतो ना? मलाही आला होता. पण माझं रोजचं धावणं टिकलं ते इथेच. पाण्याची बाटली कट्ट्यावर ठेवायची, दर आठ-नऊ मिनिटांनी ती समोर येते. बरोबर आलेली आई तिच्या चालीने चालते, दर फेरीत तिची भेट होते, ‘दमलास का रे?’ हे ठरलेलं. चालणाऱ्याला थकल्यावर बसायला जागा शोधावी लागत नाही, सगळा परिघच बसायची जागा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या कुणासाठी ठिकाण शोधत असाल तर पुढचं वाचू नका, इथेच या.

शिवाय बघायला माणसं आहेत. कट्ट्यावर निवडणुकांचे निकाल परस्पर लावून टाकणारी आजोबामंडळी, समर्थ व्यायाम मंदिरातली मल्लखांबाची पोरं, नेटमध्ये बॅट घासणारी पुढची पिढी. आचरेकर सरांनी सचिनला घडवलं ते हेच मैदान, त्यामुळे आईबापांच्या नजरेतली आशा तिसऱ्या फेरीतही ताजी असते. वाईट काय? हिवाळ्यात मैदानातली लाल धूळ उडते, रहिवाशांची ती जुनी तक्रार आहे. दम्याचा त्रास असेल तर डिसेंबर-जानेवारीत जपून. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांसाठी मैदान भरलेलं असतं, दसऱ्याला सभा. त्या दिवशी सुट्टी घ्यावी. दादर स्टेशनातून चालत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि संध्याकाळी बाजारातून वाट काढणं हाच वॉर्म-अप.

वांद्र्याचा कार्टर रोड तिवरांमुळे सुंदर आहे, पण लांब धावायला तोकडा. कोस्टल रोडलगतचा नवा विहारपथ लांबीला भरपूर, सावलीला शून्य. आत-बाहेर करायचे भुयारी मार्ग ठरावीक ठिकाणी आहेत, त्यामुळे मध्येच कंटाळून चालणार नाही.

आता बोरिवली. मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ येतो आणि तो अनेकांना बसवतो. मरीन ड्राइव्ह आणि शिवाजी पार्क दोन्ही सपाट, तिथे कितीही धावा, चढाची सवय होत नाही. ती सवय देतो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा किलोमीटरच्या आसपास, शेवटाकडे चांगलाच चढ. झाडी इतकी दाट की नऊ वाजताही डोकं तापत नाही. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वेळ असेल तर काढाच. बसाल्टात कोरलेल्या शंभराहून जास्त लेण्या आणि त्यांच्या पाण्याच्या पोढी बघताना पाय आपोआप मोकळे होतात.

मात्र हे बिबट्याचं घर आहे. इथल्या पाड्यांवर वाघोबा पुजतात ते उगाच नाही. उजाडायच्या आधी एकट्याने जाऊ नये, कानात इयरफोन नको, लहान मूल हाताबाहेर नको. खाऊची पिशवी हातात दिसली तर माकडं ती मागून नेत नाहीत, ओढून नेतात. पहाटे फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो. रोज जायचं नसेल तर महिन्यातून दोन रविवार चढासाठी इथे आणि बाकी दिवस घराजवळच्या मैदानात, असं मी करतो.

आणि सोमवारी जाऊ नका. उद्यान बंद असतं.