ग्रेट ओशन रोडचे शेवटचे दोन दिवस: अपोलो बे की पोर्ट कॅम्पबेल?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड या किनाऱ्याच्या रस्त्याने कारने निघालेल्या जोडप्यांची चर्चा शेवटी हमखास इथेच अडकते. दोन रात्री उरलेल्या असतात, एकाला ट्वेल्व्ह अपोस्टल्स या समुद्रातल्या सुळक्यांच्या जवळ राहायचंय आणि दुसऱ्याला जरा चार माणसं दिसतील अशा गावात.

अपोलो बे राहायला जास्त छान आहे, यात वादच नाही. लांबलचक बीच, छोटं बंदर, खायला भरपूर ऑप्शन, शिवाय बीच पूर्वेकडे असल्याने सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो (उठलात तर!). मेट्स रेस्टचं रेनफॉरेस्ट आणि केप ऑटवेचं १८४८ चं दीपगृहही इथूनच सोयीचं. पण अपोस्टल्स इथून ८० किमीच्या पुढे, रस्ता ऑटवेच्या जंगलातून नुसता वळणांचा, म्हणजे सनसेट बघून परत यायचं तर अंधारात गाडी चालवायची, आणि नेमकं तिन्हीसांजेनंतरच कांगारू रस्त्यावर येतात. मला तरी सुट्टीत हे टेन्शन नको.

पोर्ट कॅम्पबेल म्हणजे एवढंसं गाव, रात्री सामसूम. तरी माझं मत यालाच. अपोस्टल्स गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, त्यामुळे दिवसभराच्या टूर बसेस गेल्या की संध्याकाळी निवांत जाता येतं, चुनखडीचे ते सुळके उन्हाबरोबर रंग बदलत असतात, आणि नशीब असेल तर काळोख पडता पडता खाली वाळूवर छोटे पेंग्विन येताना दिसतात. लॉक आर्ड गॉर्ज ही समुद्रकाठची घळ सकाळी करा. १८७८ मध्ये तिथे लॉक आर्ड नावाचं जहाज फुटलं, ५४ पैकी फक्त दोघं वाचले, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकेल, दोघंही ऐन तारुण्यात. अख्ख्या ब्रिटिश वसाहतीला वाटलं आता यांचं लग्न होणार, पण बाई सरळ आयर्लंडला परत गेली! पुढे लंडन ब्रिज या खडकाच्या नैसर्गिक कमानीचा जमिनीला जोडलेला भाग १९९० मध्ये कोसळला, तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोन टुरिस्टना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

परतताना पोर्ट कॅम्पबेलहून किनारा सोडून कोलॅकमार्गे आतल्या रस्त्याने या, साधारण तीन तासांत मेलबर्न. सकाळची फ्लाइट असेल तर मात्र शेवटची रात्र दोन्हीकडे नको, मेलबर्नच्या अलीकडच्या जिलाँगला काढा. आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेआठनंतर मावळतो, तोपर्यंत गावातली किचन्स बंद व्हायला लागतात, तेव्हा आधी जेवा, मग सनसेटला जा.