सांगलीत बसून टेस्लाचा शेअर : ॲपची सेवा कुठे कामाची, कुठे तोकडी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे दोन भाव चालतात, हजर (आज समोर असलेल्या मालाचा) आणि वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा). कुठला भाव कशाबद्दल आहे हे हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांना कळतं. टेस्लाचा शेअर देणाऱ्या ॲपवर मात्र एकच भाव दिसतो. गाड्या विकून कंपनी आज जे कमावते तो हजरचा भाग, आणि विनाचालक टॅक्सी, रोबो, कृत्रिम बुद्धिमत्ता यांतून उद्या कमावेल असं धरून बाजार जे मोजतो तो वायद्याचा. दोन्ही त्या एका आकड्यात मिसळलेले असतात. खरेदीची सोय म्हणून ही ॲप्स चांगली आहेत, पण आपण नेमकं काय घेतोय हे ती सांगत नाहीत.

इथे तपासली आहे ती सेवा अशी: पुढे भारतीय ॲप, मागे अमेरिकेतला नोंदणीकृत ब्रोकर, आणि पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना. नावं निराळी असली तरी बहुतेकांची रचना हीच आहे.

खातं उघडण्याबद्दल तक्रारीला जागा नाही. पॅन, आधार, सेल्फी आणि डब्ल्यू-८बेन नावाचा अमेरिकी फॉर्म, एवढ्यावर काम होतं. आपण अमेरिकेचे करदाते नाही, हे त्या फॉर्मवर जाहीर करायचं असतं. नाव पॅनवर आहे तसंच टाका. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं एवढ्यावरून पुढे बँक पैसे अडवते.

खरी अडचण बँकेत येते. सांगली, मिरज, तासगावकडे बचत खातं नागरी सहकारी बँकेत असणारे खूप आहेत, आणि बहुतेक सहकारी बँकांकडे परदेशी गुंतवणुकीसाठी पैसे पाठवण्याचा परवाना नसतो. त्यासाठी अधिकृत डीलर बँकेतच खातं हवं. तेही नवं असेल तर बँक आधीच्या वर्षाचं स्टेटमेंट किंवा विवरणपत्र मागते, कारण गुंतवणुकीसाठी पैसे पाठवणाऱ्याचं खातं किमान वर्षभर जुनं असावं असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणून ॲप उतरवून घ्यायच्या आधी बँकेत चौकशी करा. परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या ए२ फॉर्मवर उद्देशाचा कोड एस०००१ येतो, म्हणजे परदेशी शेअरमधली गुंतवणूक. कर्ज काढून हे पैसे पाठवता येत नाहीत. मार्जिनवर (ब्रोकरच्या उसन्या पैशावर) किंवा ऑप्शनमध्ये (पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यात) खेळायला तर एलआरएसची परवानगीच नाही. टेस्लाच्या ऑप्शनचे व्हिडिओ पाहून कुणी या वाटेला जाणार असेल तर त्याने इथेच थांबावं.

एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षाला १० लाख रुपयांवर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल केलेला कर, कापला जातो. तो बुडत नाही, आयकर खात्याकडच्या तुमच्या करपत्रकात दिसतो आणि आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसा अडकून पडतो.

आता खर्च. 'शून्य ब्रोकरेज' या दोन शब्दांवर जाऊ नका, कारण खर्च ब्रोकरेजमध्ये नसून डॉलर घेण्यात आहे. समजा बँक एकदा पैसे परदेशी पाठवायला ५०० रुपये घेते आणि बाजारभावापेक्षा १ टक्का महाग डॉलर देते. २५,००० रुपये पाठवले तर ५०० रुपये फी, तिच्यावर ९० रुपये जीएसटी, चलन बदलण्यावरचा जीएसटी ४५ रुपये आणि दरातला फरक २५० रुपये, असे मिळून ८८५ रुपये जातात. म्हणजे साडेतीन टक्के. शेअर घ्यायच्या आधीच! तेच २ लाख एकदम पाठवले तर ५०० अधिक ९० अधिक २७० अधिक २,००० म्हणजे २,८६० रुपये, दीड टक्क्याच्या आत. दर महिन्याला पाच हजारांची 'एसआयपी' ॲप फार आग्रहाने सुचवतं. या वाटेने ती तोट्याची आहे. वर्षातून एकदा किंवा दोनदा पाठवा. आणि बँकेकडून दराचा आकडा लेखी घ्या, कारण फी पावतीवर छापलेली असते, दरातला फरक छापलेला नसतो. पाठवलेले डॉलर खात्यात नुसते पडूनही चालत नाहीत. १८० दिवसांत गुंतवावे लागतात, नाहीतर परत आणावे लागतात.

ऑर्डर टाकायची वेळ सांगलीकरांना सोयीची आहे. अमेरिकेचा बाजार उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ७ वाजता उघडतो नि रात्री दीडला बंद होतो. हिवाळ्यात ८ ते अडीच. टेस्लाचे तिमाही निकाल मात्र तिथला बाजार बंद झाल्यावर येतात, म्हणजे आपण झोपेत असताना, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेअर भलत्याच भावाला उघडू शकतो. अशा दिवशी पहिल्या मिनिटाला मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकू नका. इथे ॲपची एक मर्यादा आडवी येते. रकमेनुसार शेअरचा तुकडा घ्यायचा तर पुष्कळ ठिकाणी फक्त मार्केट ऑर्डर चालते, लिमिट (आपण ठरवलेला भाव) लावता येत नाही. शिवाय पुढे ब्रोकर बदलायचा झाला तर पूर्ण शेअर हलवता येतात, तुकडे विकावेच लागतात. ऐपत असेल तर पूर्ण शेअरच घ्या.

आता ॲपमधला सगळ्यात रंगीत भाग: विश्लेषकांचं मत आणि एआयने केलेला सारांश. आमची सगळ्यात जास्त नाराजी याच पानावर आहे.

ॲप सगळ्या विश्लेषकांच्या लक्ष्य भावांची सरासरी काढून एक आकडा दाखवतं. टेस्लाच्या बाबतीत ती सरासरी निरर्थक आहे, कारण मतं मधोमध गोळा झालेली नाहीत, दोन टोकांना आहेत. एक गट तिला गाडी कंपनी म्हणून मोजतो. दुसरा मोजतो कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी म्हणून. राजापुरी हळद आणि बेदाणा यांची सरासरी काढून कुणी सौदा करत नाही.

मुदतींचाही घोळ होतो. दलाली संस्थांचं लक्ष्य साधारण बारा महिन्यांचं असतं. कॅथी वूड यांच्या आर्क इन्व्हेस्ट या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने जून २०२४ मध्ये दिलेलं २,६०० डॉलरचं लक्ष्य २०२९ सालासाठी आहे. सारांश लिहिणारा चॅटबॉट ही दोन्ही एका वाक्यात गुंफतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, येत्या वर्षाचीच गोष्ट चालली आहे. जुन्या आकड्यांत स्प्लिटचा घोटाळा असतो. ऑगस्ट २०२० मध्ये एका शेअरचे ५ झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एकाचे ३. म्हणून २०२० च्या स्प्लिटआधीच्या भावाला १५ ने आणि दोन स्प्लिटच्या मधल्या भावाला ३ ने भागायचं. आर्कनेच मार्च २०२१ मध्ये २०२५ सालासाठी ३,००० डॉलर सांगितले होते, म्हणजे आजच्या हिशेबात १,०००. २०२५ संपलं तेव्हा शेअर त्याच्या निम्म्यापेक्षाही खाली होता. न्यायाने हेही सांगायला हवं की त्यांचं २०१८ चं ४,००० डॉलरचं भाकीत, स्प्लिट धरून, २०२१ च्या जानेवारीतच खरं ठरलं होतं. आशावादी माणूस दर वेळी चुकतोच असं नाही.

हजर आणि वायदा वेगळे करायची रीत सोपी आहे, कागद-पेन्सिलीवर जमते. २०२४ च्या अखेरीस टेस्लाचा शेअर ४०३.८४ डॉलरला बंद झाला. त्या वर्षाची प्रति शेअर कमाई २.०४ डॉलर. म्हणजे पीई (भाव भागिले प्रति शेअर कमाई) १९८ च्या आसपास, जिथे टोयोटासारख्या कंपनीला बाजार दहाच्या आगेमागे देतो. आता सढळ हाताने २५ चा पीई धरा. २.०४ गुणिले २५ म्हणजे ५१ डॉलर. हा झाला हजर. उरलेले साधारण ३५३ डॉलर, म्हणजे ८७ टक्के, हा वायदा. आणि गंमत पाहा, आर्कच्या २०२९ च्या हिशेबातही कंपनीच्या मूल्याचा जवळजवळ ९० टक्के भाग विनाचालक टॅक्सीचाच आहे. टीकाकाराचा हिशेब आणि भक्ताचा हिशेब इथे येऊन मिळतात. शेअर घेणारा गाडीला किती मोजतो नि स्वप्नाला किती, याबद्दल दोघांत वाद नाही. वाद एवढाच, की स्वप्न पिकेल का आणि कधी.

हजरचा भाग सध्या अशक्त आहे. २०२३ मध्ये १८,०८,५८१ गाड्या ग्राहकांच्या हाती गेल्या, २०२४ मध्ये १७,८९,२२६ आणि २०२५ मध्ये १६,३६,१२९. सलग दोन वर्षं घट, आणि २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांत चीनची बीवायडी पुढे गेली. अमेरिकेतली ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्या दिवशी संपलेल्या तिमाहीत लोकांनी घाई केली, ४,९७,०९९ गाड्या गेल्या. पुढच्या तिमाहीत ४,१८,२२७. नुसती ती घाईची तिमाही पाहून 'विक्रमी मागणी' म्हणणारा सारांश म्हणूनच फसवा ठरतो. नफ्यातली आणखी एक ओळ ॲपमध्ये दिसत नाही, कंपनीच्या तिमाही पत्रकात दिसते: रेग्युलेटरी क्रेडिट्स. प्रदूषणाचे नियम न पाळणाऱ्या इतर गाडी कंपन्या टेस्लाकडून ही क्रेडिट विकत घेतात. २०२४ मध्ये त्यातून २.७६ अब्ज डॉलर आले, आणि वर्षाचा निव्वळ नफा होता ७.१ अब्ज. २०२५ च्या अमेरिकी कायद्याने इंधन-कार्यक्षमतेच्या नियमाचा दंडच शून्य केला, त्यामुळे हा झरा आटत जाणार. चांगली बाजू म्हणजे साठवणुकीच्या मोठ्या बॅटऱ्या: २०२४ मध्ये ३१.४ गिगावॅट-तास, २०२५ मध्ये ४६.७. वाढ ठोस आहे, पण सारांशात तिला जेमतेम अर्धी ओळ मिळते.

वायद्याचा भाग तपासायचा तर तारखा तपासा. एप्रिल २०१९ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त रोबोटॅक्सी (विनाचालक टॅक्सी) रस्त्यावर असतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सेवा सुरू झाली २२ जून २०२५ ला, ऑस्टिन शहरात, मोजक्या मॉडेल वाय गाड्यांनिशी, आणि शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. त्याआधीच, २०२० मध्ये, गूगलच्या अल्फाबेट समूहातल्या वेमोने अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये चालकाविना गाड्या सर्वांसाठी खुल्या केल्या होत्या. वेमो लायडार (लेसरने अंतर मोजणारं यंत्र) वापरते, टेस्ला फक्त कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवते. कॅमेरा स्वस्त, म्हणून जमलं तर टेस्लाला खर्चात मोठी आघाडी मिळेल. समोरून ऊन, धूळ, धुकं आलं तर परीक्षाही त्याचीच. टेस्लाच्या डोजो महासंगणकाची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या दलाली संस्थेने या महासंगणकामुळे कंपनीच्या मूल्यात ५०० अब्ज डॉलरपर्यंत भर पडू शकते असं मांडून लक्ष्य २५० वरून ४०० डॉलरवर नेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये टेस्लाने डोजोचा गट मोडला, आणि २०२६ च्या सुरुवातीला मस्क यांनी ते काम पुन्हा सुरू करायची भाषा केली. ५०० अब्जांचा आधार असा दोनदा कूस बदलतो, पण शेअरचा भाव त्याच्याशी थेट बांधलेला नसतो. हरिपूरच्या पेवातली हळद पेव उघडेपर्यंत दिसत नसे; तरी तिथे माल आहे एवढं तरी नक्की असायचं.

म्हणून आमचा सल्ला असा की ॲपमधला सारांश बंद ठेवा आणि वर्षातून चार वेळा कंपनीचं तिमाही पत्रक स्वतः वाचा. गाड्यांची संख्या, क्रेडिटची ओळ, साठवणुकीचे गिगावॅट-तास, आणि माणसाविना चालणाऱ्या टॅक्सी किती शहरांत, एवढ्या चार गोष्टी वहीत उतरवल्या तरी पुरे. एकूण गुंतवणुकीतला किती भाग या एका शेअरला द्यावा, तर जो बुडाला तरी मुलांच्या फीला किंवा पुढच्या लागणीच्या खर्चाला हात लागणार नाही एवढाच.

कराच्या बाबतीत ॲपची मदत अर्धवट आहे. २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकलात तर नफ्यावर १२.५ टक्के; त्याआधी विकलात तर तुमच्या स्लॅबनुसार. भारतीय शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही. टेस्लाने आजवर लाभांश दिलेला नाही, त्यामुळे ती भानगड नाही. पण विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच लागतं, आणि ते आर्थिक वर्षाप्रमाणे नसून १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं असतं. वर्षातलं सर्वोच्च मूल्य आणि अखेरचं मूल्य असे वेगळे रकाने आहेत. ॲपचं वार्षिक स्टेटमेंट एप्रिल ते मार्चचं असेल तर ते इथे उपयोगाचं नाही. ऊस किंवा द्राक्षबागेचं उत्पन्न करमुक्त म्हणून जे विवरणपत्रच भरत नाहीत, त्यांच्यासाठी हे खास: परदेशी शेअर एक जरी असला तरी विवरणपत्र सक्तीचं होतं. दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. घरजमीन सोडून परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सवलत मिळाली, पण भरायची जबाबदारी कायम आहे.

छोट्या रकमेला सोपी वाट म्हणजे नॅस्डॅक १०० या अमेरिकी निर्देशांकाचा भारतीय फंड. टेस्ला त्यात थोडीशी येते, रुपयांत व्यवहार, टीसीएस नाही, परिशिष्ट नाही. ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) घेत असाल तर बाजारभाव आणि आय-एनएव्ही, म्हणजे फंडातल्या मालाचं त्या क्षणाचं मूल्य, शेजारी ठेवून पाहा, फरक मोठा असेल तर थांबा. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या वित्तकेंद्रात टेस्लाच्या शेअरवरच्या पावत्याही निघाल्या होत्या, पण तिथे व्यवहार तुरळक होते आणि एलआरएसची मर्यादा तशीच लागू होती.

शेअर प्रत्यक्षात अमेरिकी ब्रोकरच्या नावाने ठेवलेले असतात. ब्रोकर बुडाला तर तिथल्या एसआयपीसी या गुंतवणूकदार-संरक्षण संस्थेचं ५ लाख डॉलरपर्यंतचं संरक्षण आहे, त्यात रोख २.५ लाखांपर्यंत, भाव पडला तर काहीच नाही. आणि खातेदार गेला, तर अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असल्यास तिथला वारसाकर लागतो, ४० टक्क्यांपर्यंत. भारताचा त्याबाबत अमेरिकेशी करार नाही. ॲपच्या मदतकक्षाला याबद्दल विचारलं तर ठरावीक उत्तर येतं. तेव्हा अमेरिकी ब्रोकरचं नाव, खाते क्रमांक आणि डब्ल्यू-८बेनची प्रत कागदावर काढा आणि घरातल्या पासबुकांच्या पिशवीत ठेवा. ॲप तुमच्या फोनमध्ये आहे, आणि त्याचा पासवर्ड घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही.